पश्म आणि खरारा : लातूरच्या शिकारी कुत्र्यांच्या केसांचा इतिहास

१/
एकाच कुत्रीच्या एकाच वेतातील दोन पिल्ले. एकाच्या अंगावर घोड्यासारखी आखूड, चकचकीत लव. दुसऱ्याच्या कानांवर, शेपटीवर आणि पायांच्या मागील बाजूस रेशमासारखे लांब केस. दोघांना एकच ब्रश चालेल काय? चालणार नाही. तो का चालणार नाही, या प्रश्नाचे उत्तर कल्याणीच्या चालुक्यांपासून बीदरच्या घोडेबाजारापर्यंत आपल्याला घेऊन जाते. आजचा धागा त्याविषयी.

२/
प्रथम स्थळ पाहू. लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ, चाकूर, अहमदपूर, उदगीर हे तालुके एकमेकांना लागून किंवा जवळ आहेत. या पट्ट्यात उंच, सडपातळ, खोल छातीची आणि बारीक कमरेची शिकारी कुत्री पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली. चाकूर तालुक्यातील जानवळ हे गाव तर या कुत्र्यांसाठीच प्रसिद्ध आहे. लोक त्यांना दोन नावांनी ओळखतात : आखूड केसांचा तो कारवानी आणि झुपकेदार केसांचा तो पश्मी.

३/
दोन्ही नावे फारसीतून आलेली आहेत. ‘कारवान’ म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. हैदराबाद शहरात आजही कारवान नावाची वस्ती आहे. तेथे एके काळी व्यापारी तांडे उतरत असत. ‘पश्म’ म्हणजे लोकर. काश्मीरची पश्मिना शाल याच शब्दावरून ओळखली जाते. म्हणजे एक नाव कुत्रा कोणाबरोबर चालत होता ते सांगते आणि दुसरे त्याच्या अंगावर काय आहे ते सांगते. हे दुसरे नाव ध्यानात ठेवा. ब्रशाची निवड त्यातच दडलेली आहे.

४/
परंतु या प्रदेशातील शिकारी कुत्र्यांचा इतिहास फारसी नावांपासून सुरू होत नाही. कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, शिरूर अनंतपाळपासून शंभर किलोमीटरच्या आत आहे. तेथील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने शके १०५१ च्या सुमारास, म्हणजे इ.स. ११२९ च्या आसपास, ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ज्ञानकोश सिद्ध केला. राजाच्या विनोदांचे, म्हणजे करमणुकींचे, त्यात सविस्तर वर्णन आहे. गजविनोद, वाजिविनोद यांच्या पंक्तीत तेथे ‘सारमेयविनोद’ही आहे. सारमेय म्हणजे कुत्रा. बाराव्या शतकात या परिसरातील राजदरबार कुत्र्यांकडे शास्त्राचा विषय म्हणून पाहत होता, ही लहान गोष्ट नव्हे.

५/
नंतर बहमनी राजवटीत बीदर राजधानी झाले. दख्खनच्या सैन्याला घोडे हवे असत आणि उत्तम घोडे इराण-अरबस्तानातून समुद्रमार्गे चौल, दाभोळसारख्या बंदरांत उतरत. रशियन व्यापारी अफनासी निकितिन इ.स. १४६९ च्या सुमारास चौलला उतरला. जुन्नरमार्गे तो बीदरला पोहोचला आणि सोबत आणलेला घोडा त्याने तेथे विकला. बहमनी वजीर महमूद गावान हाही मूळचा इराणातून आलेला व्यापारी. बीदरमधील त्याचा मदरसा इ.स. १४७२ चा. घोडा, व्यापारी, भाषा आणि पोशाख ज्या वाटेने आले, त्याच वाटेने कुत्रेही आले, असे परंपरा मानते.

६/
शरीररचना या परंपरेला दुजोरा देते. इराण-अरबस्तानातील सलुकी हा दृष्टीवर शिकार करणारा, वासापेक्षा डोळ्यांवर विसंबून धावणारा कुत्रा. त्याच्यातही नेमके हेच दोन प्रकार आढळतात : एक गुळगुळीत अंगाचा, दुसरा कान-शेपटीवर झालर असलेला. उत्तरेकडेही हीच आवड दिसते. अबुल फज़्लने ‘ऐन-ए-अकबरी’त नोंदवले आहे की, अकबराला कुत्र्यांची आवड होती आणि उत्तम कुत्री काबूलकडून, विशेषतः हजारा भागातून येत.

७/
मराठ्यांच्या राज्यव्यवहारात अठरा कारखाने मोजले जात. त्यांत शिकारखाना होता. थोरल्या शाहू महाराजांचा खंड्या कुत्रा तर आपल्या इतिहासात अजरामर आहे. वाघाच्या हल्ल्यातून त्याने महाराजांना वाचवले, अशी कथा सांगतात. साताऱ्याजवळ संगम माहुली येथे त्याचे स्मारक आजही पाहावयास मिळते. मराठवाड्याच्या बाजूस खंडोबाच्या मूर्तीत देव घोड्यावर आणि सोबत कुत्रा, ही जोडी घराघरांतील टाकांवर कोरलेली आहे. नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. तेथे घोडे, उंट, गाढवे येतात आणि श्वानांचे प्रदर्शनही भरते.

८/
आता केसांकडे वळू. बहुतेक गावठी कुत्र्यांच्या आणि थंड प्रदेशांतील जातींच्या अंगावर केसांचे दोन थर असतात : वर राठ, संरक्षक केस, खाली मऊ, दाट लोकर. खालची लोकर ऋतू पालटताना झडते. कारवानी कुत्र्याचे तसे नाही. त्याची लव आखूड असते, खालचा थर अगदी विरळ असतो, त्वचा पातळ आणि तिच्याखाली चरबी फार थोडी. मैलोन्‌मैल धावणाऱ्या शरीराला उष्णता झटपट बाहेर टाकता यावी, याला ही रचना अनुकूल आहे. पण याच कारणाने त्याची कातडी चटकन ओरखडते.

९/
पश्मीचे धडही बरेचसे तसेच असते. लांब केस येतात ते कानांवर, शेपटीवर, मांड्यांच्या आणि पायांच्या मागे. मग एकाच वेतात दोन रूपे कशी? इ.स. २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक संशोधन प्रसिद्ध झाले. ८० जातींच्या हजाराहून अधिक कुत्र्यांची तपासणी करून संशोधकांनी दाखवले की, केसांची लांबी, कुरळेपणा आणि दाढीमिशा यांतील बहुतेक वैविध्य अवघ्या तीन जनुकांवर अवलंबून असते. लांबीचे जनुक एफजीएफ-५. लांब केसांचा गुण सामान्यतः अप्रभावी असतो. म्हणजे आईबाप दोघेही आखूड केसांचे असूनही त्यांच्या पोटी लांब केसांचे पिल्लू जन्मू शकते.

१०/
याचा ऐतिहासिक अर्थ महत्त्वाचा आहे. कारवानी आणि पश्मी हे दोन परके वंश नव्हेत, एकाच वंशाची दोन वस्त्रे आहेत. गावकऱ्यांनी त्यांना दोन नावे दिली, ती व्यवहारासाठी. कोणाला कशी निगा लागते, हे नाव उच्चारताच कळावे. आपल्या पूर्वजांना जनुक ठाऊक नव्हते, पण केसांत हात घालून परीक्षा करण्याची विद्या ठाऊक होती.

११/
ही विद्या जगभर होती. ‘इंडिका’ आणि अलेक्झांडरच्या स्वारीचा इतिहास लिहिणारा एरियन आपल्याला माहीत आहे. याच ग्रीक लेखकाने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात शिकारी कुत्र्यांवरही एक ग्रंथ लिहिला. वेगाने धावणाऱ्या कुत्र्याचे केस आखूड जातीचे असोत वा राठ जातीचे, ते बारीक, दाट आणि मऊ असावेत, असे तो म्हणतो. त्याहून मोलाचा त्याचा सल्ला असा की, कुत्र्याचे सर्वांग हाताने चोळावे. त्याने हातपाय बळकट होतात, केस चमकतात आणि कातडी स्वच्छ राहते. घोड्याला जितका लाभ होतो तितकाच कुत्र्यालाही.

१२/
चौदाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये गास्तों फेबूस या सरदाराने शिकारीवर प्रख्यात ग्रंथ रचला. त्यातील शिकवण अशी : रोज सकाळी कुत्रे विंचरावेत आणि मग गवताच्या पेंढीने पुसून काढावेत. दोन पायऱ्या ध्यानात घ्या. प्रथम मोकळे करणे, नंतर पुसून चकाकी आणणे. आजच्या दुकानातील डझनभर ब्रशांचे सारे प्रकार या दोन कामांच्या पोटातच येतात.

१३/
आपल्याकडे यासाठी एक नेमका शब्द आहे : खरारा. दातेरी लोखंडी पट्ट्यांचा, हातात धरण्याजोगा हा ठोकळा घोड्याच्या पागेत मोतद्दाराच्या हाती असे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही तो आहे. खराऱ्याने गोल गोल घासून वाळलेला चिखल आणि मेलेले केस सुटे करायचे, मग जाड कापडाने अंग पुसायचे. ‘खरारा करणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला. घोड्याची, बैलाची जाड कातडी लोखंडाचे दात सहन करते. कारवानी कुत्र्याची करत नाही. पागेतील हत्यार जसेच्या तसे कुत्र्यावर चालवता येत नाही, हा निवडीचा पहिला धडा.

१४/
हा पेच सोडवला रबराने. इ.स. १८४४ मध्ये चार्ल्स गुडइयर याने रबर टिकाऊ करण्याच्या कृतीचे अमेरिकी पेटंट घेतले. त्यानंतर मऊ तरीही झिजण्यास चिवट अशी साधने बनवणे शक्य झाले. रबरी दातांचा खरारा त्याच वंशातला. त्याची रीत जुन्या खराऱ्याचीच, फक्त लोखंड गेले. ब्रशाचे केस पूर्वी प्रायः रानडुकराचे वा पाळीव डुकराचे असत, इ.स. १९३८ पासून नायलॉनचे तंतू ब्रशांत वापरात आले आणि ब्रश स्वस्त झाले.

१५/
आता प्रत्यक्ष निवड. घरी कारवानी, मुधोळ किंवा तत्सम आखूड केसांचा कुत्रा असेल, तर रबरी खरारा अथवा रबरी दाणे असलेला हातमोजा घ्यावा. हलक्या हाताने गोल फिरवावा. बरगड्या, कोपर, पाठीचा कणा अशा हाडे वर आलेल्या जागी दाब देऊ नये. मग मऊ केसांच्या ब्रशाने केसांच्या दिशेने फिरवून शेवटी सुती कापडाने पुसावे. आठवड्यातून एकदा-दोनदा पुरे. तारांचा ब्रश या कुत्र्याला लावूच नये. सुटे करण्याजोगे त्याच्या अंगावर काही नसते आणि तार थेट कातडीला भिडते.

१६/
पश्मीला दोन साधने लागतात. धडासाठी मऊ ब्रश आणि झालरीसाठी रुंद, बोथट दातांचा धातूचा कंगवा. येथे मराठवाड्याची शेती मध्ये येते. शेतातून धावून आलेल्या पश्मीच्या झालरीत सराटे आणि कुसळे अडकलेली असतात. कंगवा मुळापासून ओढू नये. केसांचा झुपका एका हाताने मुळाशी धरावा, टोकाकडून सुरुवात करावी आणि थोडे थोडे वर सरकावे. कानामागे, काखेत आणि मांड्यांच्या मागे गुंता प्रथम होतो. तो दुर्लक्षिला तर केसांचे नमद्यासारखे थर जमतात, खाली ओल कोंडते आणि कातडी चिघळते.

१७/
मराठीत कंगवा आणि फणी हे दोन वेगळे शब्द आहेत, हे आपले भाग्य. कंगवा गुंता सोडवतो. बारीक दातांची फणी उवा-लिखा काढते. कुत्र्याच्या बाबतीतही हाच भेद पाळावा. पिसवांसाठी बारीक दातांची फणी हवी. गोचीड मात्र फणीने ओढून काढू नये. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर उचलावा. गोचिडांमुळे कुत्र्यांना गंभीर ताप येतो आणि वेळीच उपचार न झाल्यास तो जिवावर बेततो. विंचरताना कानांच्या आत आणि बोटांच्या फटींत पाहणे हे ब्रशाइतकेच आवश्यक आहे.

१८/
लातूर, नांदेडच्या घरांत आज जर्मन शेफर्ड, लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हरही आहेत. या मंडळींच्या अंगावर दुहेरी थर असतो. वाकड्या बारीक तारांचा स्लिकर ब्रश आणि खालची लोकर काढणारी लांब दातांची दाताळी ही साधने त्यांच्यासाठी. स्लिकर ब्रश पाहिला की लोकर पिंजण्याची तारेची फणी आठवते. दोहोंचे काम एकच. उन्हाळ्यापूर्वी लोकर झडू लागते तेव्हा ती काढून द्यावी. मात्र उकाडा आहे म्हणून अंग पार भादरू नये. वरचे केस उन्हापासून त्वचा राखतात आणि काही कुत्र्यांत ते पूर्ववत उगवतही नाहीत.

१९/
इतका विचार केवळ सौंदर्यासाठी नाही. पश्मीचे अस्तित्वच यात गुंतलेले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी याच वंशाच्या कुत्र्यांची जोपासना केली आणि एक जोडी इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज यांना भेट दिली. तेव्हापासून ‘मुधोळ हाउंड’ हे नाव रूढ झाले. राजाश्रयाने वंश वाचला, हे ऋण मानलेच पाहिजे. पण नावाबरोबर एक रूपही ठरून गेले, ते आखूड केसांचे.

२०/
पुढचे टप्पे त्याच दिशेचे. ९ जानेवारी २००५ रोजी भारतीय डाक विभागाने चार देशी कुत्र्यांची तिकिटे काढली. त्यांत मुधोळ होता. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने देशी कुत्र्यांची नोंदणी सुरू केली, तेव्हा पहिल्या नोंदींत राजापालयम, चिप्पीपराई आणि मुधोळ आले. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या यादीत ‘कॅरव्हान हाउंड’ आहे. कारवानीला अशा प्रकारे दोन-दोन नावांनी मान मिळाला. पश्मीचे नाव मात्र गावाच्या तोंडी राहिले.

२१/
याची तुलना शेजारच्या जनावरांशी करा. शिरूर अनंतपाळच्या शेजारील देवणीच्या नावाने देवणी गोवंश देशभर ओळखला जातो. त्याचे वानेरा, बालंक्या आणि शेवरा हे तीन प्रकार पशुवैद्यक शास्त्राच्या पुस्तकांतही गावकऱ्यांच्याच शब्दांत नोंदले गेले आहेत आणि ते तिन्ही अंगावरील रंगावरून पाडलेले आहेत. नांदेडकडे लाल कंधारी आहे. तेथे अंगावरच्या रंगाला शास्त्राने मान दिला. पश्मीच्या झालरीला तो मान मिळाला नाही.

२२/
परिणाम उघड आहे. विक्रीत आणि प्रदर्शनात आखूड केसांना भाव आला, तर लांब केसांचे पिल्लू ‘भेसळ’ ठरते. वर पाहिलेच की, ते निखळ आईबापांच्या पोटीही जन्मू शकते. त्याला वगळत गेले तर काही पिढ्यांत ती झालर दुर्मिळ होईल. त्यातच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आली. ते योग्यच झाले. पण या कुत्र्यांचे मूळ काम संपले. आता ती टिकतील ती राखणदार म्हणून आणि घरातील सोबती म्हणून. सोबती म्हणून टिकायचे तर निगा राखता आली पाहिजे आणि लांब केसांचा कुत्रा निगेअभावी सर्वांत आधी नकोसा होतो. पश्मीसाठी योग्य कंगवा हा म्हणूनच संवर्धनाचा प्रश्न आहे.

२३/
सार सांगतो. ब्रश विकत घेण्यापूर्वी जातीचे नाव विचारू नका; केसांत बोटे घाला. बोटे थेट कातडीला लागली तर रबर आणि मऊ ब्रश. बोटे मऊ लोकरीत रुतली तर स्लिकर आणि दाताळी. बोटे लांब रेशमी झालरीत अडकली तर रुंद दातांचा कंगवा आणि धीर. साधन प्रथम स्वतःच्या मनगटाच्या आतील बाजूवर फिरवून पाहा. तेथे टोचले तर कुत्र्यालाही टोचेल.

२४/
इतिहास नेहमी ताम्रपटांत आणि बखरींतच असतो असे नाही. कधी तो एका फारसी शब्दाच्या आधाराने कुत्र्याच्या शेपटीवर टिकून राहतो. आपल्या गावात, आजोळी, वस्तीवर कोणी पश्मी पाळत असेल, तर त्याचे छायाचित्र, त्याच्या आईबापांचे रूप आणि घरातील वडीलधारी मंडळी त्याच्या केसांसाठी वापरतात ते शब्द येथे अवश्य नोंदवा. त्या वेतातील सर्व पिल्ले कशी होती, हेही लिहा. पश्मीची पद्धतशीर नोंद व्हायची असेल, तर तिची सुरुवात अशाच टिपणांतून करता येईल.